आधी गजर, मग क्रीम

आमच्या न्हाणीघरातल्या फळीवर एके काळी अकरा बाटल्या होत्या. प्लंबर आला तेव्हा सगळ्या खाली उतरवाव्या लागल्या, म्हणून आकडा कळला. दोन फेसवॉश, एक अक्रोडाच्या सालीचा स्क्रब, कोरफडीचं जेल, गुलाबपाणी, भाच्याने दुबईहून आणलेलं आणि आता चहासारखं तपकिरी पडलेलं व्हिटॅमिन सीचं सीरम, अर्ध्या वापरलेल्या तीन क्रीम आणि आता नावंही न आठवणाऱ्या दोन बाटल्या. चेहऱ्याची अवस्था मात्र अशी: हनुवटीवर पुटकुळ्या, गालांवर कोरडे पापुद्रे. वय अडतीस.

त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेले तेव्हा वाटलं होतं, बारावी बाटली मिळेल. त्यांनी भिंग लावून चेहरा बघितला आणि विचारलं, "झोपता किती वाजता?"

"ठरलेलं नाही काही."

"उठता?"

"मुलांची शाळा असेल तर सहा. नसेल तर नऊ."

"रात्रीचं जेवण?"

यावर मी गप्प बसले, कारण आदल्या रात्री सव्वाअकराला उभ्या उभ्या फोडणीचा भात खाल्ला होता. खरं सांगायचं तर मला रागच आला होता. फी त्वचेची घेतात आणि चौकशी घड्याळाची करतात! त्यांनी दोनच ट्यूब लिहून दिल्या आणि वर म्हणाल्या, "ही औषधं काम करतील, पण तुम्ही त्यांना रोज त्याच वेळी भेटलात तर."

तिथून जे सुरू झालं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण चार वर्षं दिनचर्या बसवताना, मोडताना आणि पुन्हा बसवताना काय आधी करायचं आणि काय नंतर, हे मला चांगलं कळलं आहे. बहुतेकजण इथेच चुकतात. सुरुवात क्रीमपासून करतात, ती करायला हवी गजरापासून.

त्वचेला घड्याळ कळतं

मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते रोज नव्याने लावलं जातं. पण घड्याळ एकच नाही. यकृतात, आतड्यात, स्नायूंत आणि त्वचेच्या पेशींतही आपापली घड्याळं आहेत. पेशीच्या आत हे घड्याळ चालतं कसं, ते फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या तिघा अमेरिकनांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या कामाचा भाग असा, की त्वचा दिवसा पहारा देते आणि रात्री डागडुजी करते. नव्या पेशी तयार होण्याचं काम रात्री जोरात चालतं. त्वचेचा रक्तपुरवठा आणि तापमान तेव्हा वाढतं, आणि तिच्यातून पाणीही जास्त उडून जातं. दाह आवरणारं कॉर्टिसॉल रात्री सगळ्यात कमी असतं. दिवसभर गप्प असलेली खाज अंथरुणाला पाठ टेकली की का सुरू होते, याचं उत्तर बरंचसं यात आहे. आमची आजी म्हणायची, खाज रात्रीची चोरटी असते. तिला कॉर्टिसॉल ठाऊक नव्हतं, पण निरीक्षण बरोबर होतं.

आता एक दिवस सहाला उठायचं, दुसऱ्या दिवशी नऊला. एक दिवस आठला जेवायचं, दुसऱ्या दिवशी अकराला. मुख्य घड्याळ एक वेळ दाखवतं, पोटाचं दुसरी. रविवारी तीन तास उशिरा उठणाऱ्याचं शरीर सोमवारी विमानप्रवास करून आल्यासारखं वागतं. विमानाचं तिकीट न काढता.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

नुसतं लिहा. शाळेची जुनी वही चालेल. उठलात कधी, पहिला चहा कधी, शेवटचा घास कधी, दिवा मालवला कधी, आणि त्वचेबद्दल एक ओळ: "उजव्या गालावर नवी पुटकुळी", "पोटऱ्यांना रात्री खाज", "आज बरं". मोबाइलवर लिहू नका. लिहायला उघडाल आणि अर्धा तास भलतंच बघत बसाल.

माझ्या वहीत सातव्या दिवशी दोन गोष्टी उघड्या पडल्या. शेवटचा घास आणि झोप यांत सरासरी पाऊण तासही नव्हता. आणि कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या गुरुवारी आणि रविवारी उठत होत्या, म्हणजे बुधवारी आणि शनिवारी रात्री डोक्याला तेल थापलं की दुसऱ्या दिवशी. त्या तेलाबद्दल पुढे सांगते.

दुसरा आठवडा: उठण्याची वेळ, फक्त तीच

लोक झोपण्याची वेळ ठरवायला जातात आणि हरतात. झोप हुकमाने येत नाही, जाग मात्र गजराने आणता येते. म्हणून उठण्याची वेळ ठरवा आणि रविवारसकट पाळा. फार तर तासाभराची सूट. चार-पाच दिवस दुपारी डोळे मिटतील; वीस मिनिटं पडा, त्याहून जास्त नको. रात्रीची झोप हळूहळू आपणच अलीकडे सरकते. प्रौढ माणसाला सात ते नऊ तास लागतात. "मला पाच तास पुरतात" म्हणणारे लोक रिक्षात बसले की पेंगतात, हे मी पाहिलेलं आहे.

वेळ कुठली? इथे ब्राह्म मुहूर्ताचा विषय निघतोच. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याची सुरुवातच ब्राह्म मुहूर्तावर उठावं अशी आहे. पण दोन गोष्टी वाचायच्या राहून जातात. एक, ती सूचना 'स्वस्थ' माणसाला आहे. आजारी, रात्री तान्ह्या बाळासाठी चारदा उठणारी आई किंवा रातपाळीवाला यांना नाही. दोन, ब्राह्म मुहूर्त म्हणजे वर्षभर पहाटे चार नव्हे. तो सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटं आधी सुरू होतो. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे मुहूर्त पावणेसहाला पोचतो. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाला, तेव्हा तो साडेचारच्या आत येतो. बाराला झोपून चारला उठणं हे व्रत नाही, झोपेची चोरी आहे. तुम्हाला वर्षभर झेपेल अशी वेळ धरा. मी सव्वासहा धरली.

उठल्यावर पहिल्या तासात वीस मिनिटं उजेडात जा. गच्ची, अंगण, कोपऱ्यावरचं दूध केंद्र, काहीही. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. हे घड्याळ लावण्यासाठी आहे; कोवळ्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व मिळतं हा समज मात्र सोडून द्या. ते तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच जमिनीपर्यंत नीट पोचतात.

पाण्याबद्दल एवढंच: उठल्यावर ग्लासभर प्या, तहान लागेल तसं दिवसभर प्या. तीन-चार लिटर पाणी पोटात ढकलून चेहरा उजळत नाही, फक्त खेपा वाढतात.

आंघोळ

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे त्वचेचं सगळ्यात जास्त नुकसान रोज सकाळी, शुद्ध हेतूने, न्हाणीघरात होतं.

आधी पाण्याचं. सोसायट्यांतून सोलर आले आणि कढत पाणी फुकट झालं. अंग लाल होईपर्यंत शेकत वीस मिनिटं शॉवरखाली उभं राहिलं की त्वचेतले नैसर्गिक स्निग्ध पदार्थ वाहून जातात. कोपर आतून बुडवल्यावर सुखद वाटेल इतकंच पाणी गरम हवं. एक बादली, दहा मिनिटांच्या आत. डोक्यावरून गरम पाणी घेऊ नये, केसांना आणि डोळ्यांना ते बाधतं, असं वाग्भटही बजावतो.

साबण. साबणाच्या वेष्टणावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'टीएफएम' आणि ग्रेड लिहिलेलं असतं. भारतीय मानकानुसार ग्रेड १ साठी ७६ टक्के, ग्रेड २ साठी ७० आणि ग्रेड ३ साठी ६० टक्के स्निग्धांश किमान लागतो. जितका कमी, तितकी त्वचा ओढल्यासारखी होण्याची शक्यता जास्त. 'बेदिंग बार' असं लिहिलेली वडी या वर्गवारीत बसतच नाही, ती वेगळी. पण एक गोष्ट ग्रेड १ लाही लागू आहे: साबण म्हटला की तो क्षारधर्मी, त्याचा पीएच ९-१० च्या घरात. त्वचेचा असतो साधारण ५, म्हणजे किंचित आम्लधर्मी. म्हणून ज्यांना इसब आहे, ज्यांच्या पोटऱ्या हिवाळ्यात माशाच्या खवल्यांसारख्या दिसतात किंवा ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी येतं, त्यांनी 'सोप-फ्री' किंवा 'सिंडेट' लिहिलेली वडी घ्यावी. बाकीच्यांनी साबण काखा, जांघा, पाय आणि घाम साचतो त्या जागी लावावा. हातापायांना रोज फेस करायची गरज नसते. लातूरकर आणि नागपूरकरांना हिवाळ्यात तर नाहीच नाही.

आणि ती नायलॉनची जाळी आणि घासायचा दगड. दगड टाचांसाठी आहे. मी लहान असताना मला पाठीला वजरीने घासायचे, अजून आठवलं की हुळहुळतं.

आता तेल. अभ्यंग ही आपली चांगली गोष्ट, दिवाळीत आपण तिला सणाचा मान दिला आहे, पण रोजच्या दिनचर्येत ती नीट बसवावी लागते. खोबरेल तेल अंगाला उत्तम. मात्र आंघोळीआधी चोपडून नंतर साबणाने ते सगळं काढून टाकायचं, यात निम्मी मेहनत वाया जाते. आंघोळ झाली, पंच्याने अंग टिपलं (घासलं नाही, टिपलं), त्वचा अजून दमट आहे, तेव्हा तळहातावर पाच-सहा थेंब घेऊन हातापायांवर पसरा. पाणी आत कोंडलं जातं. तीन मिनिटांच्या आत हे झालं पाहिजे. देवाची पूजा, दूध तापवणं, मग तेल, असं केलं तर त्वचा तोवर सुकलेली असते. विदर्भ-मराठवाड्यात थंडीत तिळाचं तेल वापरतात, तेही चालतं. तेल नको असेल त्यांनी साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं.

चेहऱ्याचं गणित वेगळं. पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल लावू नये, ते रंध्रं बुजवतं. आणि डोक्याला रात्री थापलेलं तेल झोपेत कपाळावर उतरतं, उशीला लागतं, उशीचं गालाला. माझ्या वहीतल्या गुरुवार-रविवारचं कोडं हेच होतं. आता तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर, तेही केसांच्या टोकांकडे जास्त. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच; कोंड्यामागची बुरशी त्या तेलावरच जगते.

उटणं? वर्षातून चार दिवस जरूर, वास घरभर दरवळू द्या. रोजचं घासणं म्हणून नको आणि पुटकुळ्यांवर तर अजिबात नको. लिंबाचा रस चेहऱ्यावर लावणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, तो सरबतात घाला. लिंबू लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग महिनोनमहिने राहतात.

चेहरा, तीन गोष्टींत

अकरा बाटल्यांतून माझ्याकडे उरल्या तीन. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. सकाळी याच क्रमाने. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं, फक्त ते जेलसारखं पातळ घ्यावं.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक बघा. ३० चं उन्हातले भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० चं ९८ टक्के. म्हणून १०० च्या मागे लागून दुप्पट पैसे देऊ नका. त्यापेक्षा 'पीए' पुढे किती अधिक चिन्हं आहेत ते बघा, तीन किंवा चार हवीत. ते त्वचा काळवंडवणाऱ्या किरणांपासूनच्या संरक्षणाचं मोजमाप. हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, म्हणून खिडकीशी टेबल असलेल्याने घरून काम करतानाही लावावं.

पण खरी गोम प्रमाणात आहे. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन भरीव रेघा काढा. एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. बहुतेक जण मुगाच्या दाण्याएवढं लावतात आणि म्हणतात काही उपयोग नाही. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. स्कूटरवर तोंडाला स्टोल बांधता, तो बांधाच, पण धुवा. आठवडाभराचा घाम आणि धूर शोषलेला स्टोल रोज तोंडावर आवळायचा आणि गालांवर पुटकुळ्या का येतात म्हणून विचारायचं!

गालांवर वांग असलेल्या बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो. त्याला साधं पांढरं सनस्क्रीन पुरत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं 'टिंटेड' लागतं. आणि टोपी. मुलीचं लग्न चार महिन्यांवर आलंय म्हणून वांग घालवून द्या, असं डॉक्टरांना सांगू नका. तो असा मुहूर्त बघून जात नाही.

नवं काहीही चेहऱ्यावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोनदा लावून बघा. लाल झालं नाही तर पुढे चला.

जेवणाच्या वेळा, आणि एक काळी मान

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली. बारावी झालेली, हुशार, गोड पोरगी. एके सकाळी न्हाणीघरातून खसाखस आवाज. बघते तर साखर आणि लिंबाची फोड घेऊन मान घासते आहे, मान लालभडक.

"अगं काय करतेस?"

"मावशी, मळ बसलाय. आई रोज म्हणते, नीट घासत नाहीस."

मान जवळून बघितली. मखमलीसारखी जाड, काळपट, वळ्या पडलेली, काखेतही तसंच. हा मळ नसतो. रक्तात इन्सुलिन जास्त राहायला लागलं की त्वचेच्या पेशी तिथे भराभर वाढतात. घासून ते जात नाही, उलट जाड होतं. मी तिच्या आईला फोन करून सांगितलं, घासणी ठेव आणि पोरीची साखर तपास. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. क्लासच्या दोन वर्षांत ती सकाळी काही न खाता जायची, संध्याकाळी वडापाव आणि थंड पेय, रात्री अकराला पोटभर जेवण आणि एकपर्यंत अभ्यास. मान वर्षभर ओरडून सांगत होती, आपण तिला साबण लावत होतो.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जेवणाच्या वेळा हातात घ्या. रात्रीचा शेवटचा घास आणि झोप यांत किमान दोन तास, तीन असतील तर उत्तम. एकदम अकराचं जेवण आठवर आणू नका, दर तीन-चार दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे सरका. अडचण भुकेची नसते, संध्याकाळी सहाच्या फरसाणाची असते. त्याने भूक मोडते आणि जेवण लांबतं. तिथे मूठभर शेंगदाणे, फुटाणे, एखादं फळ ठेवलं की आठची भूक आठलाच लागते. जेवणानंतर शतपावली, पण शंभर पावलांवर थांबू नका; दहा-पंधरा मिनिटं चाललं की जेवणानंतरची साखर कमी चढते.

पुटकुळ्या आणि खाणं यांचा संबंध आहे, पण आपण धरतो तिथे नाही. तेलकट भजीपेक्षा साखर, मैदा, बिस्किटं, थंड पेयं यांच्याकडे बोट जास्त जातं. काहींना दुधानेही वाढतात. वही आहेच, महिनाभर एक गोष्ट बंद करून बघा. सगळं एकदम बंद केलं तर दोषी कोण ते कळत नाही.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही. जेवणाला लागून पिऊ नका एवढंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक सूचनांतही जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, कारण त्यातला टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही. आपल्या घराघरांतल्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी, चेहरा पांढुरका, केस गळतात; आणि पोळीभाजीबरोबर कपभर चहा चालूच.

घाम, पावसाळा आणि ती ट्यूब

व्यायाम कधी करायचा? जेव्हा रोज जमेल तेव्हा. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं एवढी किमान गरज आहे. त्वचेच्या दृष्टीने महत्त्वाचं व्यायामानंतरचं आहे: घामेजल्या कपड्यांत गप्पा मारत बसायचं नाही. घामोळं, पाठीवरच्या पुटकुळ्या, छातीवरची शिबं यांना तेच हवं असतं.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कपडे वाळतच नाहीत. ओलसर अंतर्वस्त्रं अंगावर चढवण्यापेक्षा इस्त्री फिरवून घ्या. जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. घरात एकाला नायटा झाला की टॉवेल वेगळा, आणि ज्यांना ज्यांना डाग आहेत त्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी. नाहीतर तो घरातच फेऱ्या मारत राहतो.

आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेली ट्यूब. खाज दोन दिवसांत थांबते, चेहरा आठवड्यात उजळतो, म्हणून ती शेजारणीला, जावेला, मेव्हण्याला सांगितली जाते. तिच्या मागे क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. नायट्यावर लावलं की वरून शांत होतो आणि आतून पसरतो. चेहऱ्यावर महिनोनमहिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस येतात, आणि बंद केलं की आग आग होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली, तरी ती काउंटरवरून सर्रास हातात येतात. गोरं करणाऱ्या बिनलेबलच्या डब्यांची तर आणखी तऱ्हा. काहींत पारा निघतो आणि पारा मूत्रपिंडं बिघडवतो.

रात्र

झोपण्याआधी तासभर मोठे दिवे बंद, एखादा पिवळा चालू. डोळ्यांवर पडणारा पांढरा उजेड मेंदूला दुपार असल्याचं सांगतो आणि झोप आणणारं मेलाटोनिन लांबतं. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. गजरासाठी साधं घड्याळ आणा, स्वस्तात मिळतं.

चेहरा धुवा, दिवसाचं सनस्क्रीन आणि धूळ घेऊन झोपू नका. डॉक्टरांनी रात्रीचं औषध दिलं असेल तर ते चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, मटाराएवढं, सगळ्या चेहऱ्यावर पातळ. पुटकुळी दिसली तिथे थापायचं नसतं. ॲडापलीनसारख्या औषधाने पहिले काही आठवडे चेहरा सोलवटतो. एक दिवसाआड सुरू करा. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर ते वापरू नका, डॉक्टरांना आधी सांगा. ज्यांना रात्री खाज येते त्यांनी झोपताना पुन्हा एकदा मॉइश्चरायझर लावावं, नखं कापून ठेवावीत. टाचांना भेगा असतील तर पाय कोमट पाण्यात बुडवून, टिपून, व्हॅसलीन आणि सुती मोजे. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

पाळीवाल्यांसाठी

चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळ्यांवर जाणारे हे वाचून म्हणतील, ताई, आमचा गजर दर आठवड्याला बदलतो. खरं आहे, आणि त्यांना "रोज एकाच वेळी उठा" सांगणं ही चेष्टा आहे. माझ्या दिराची वीस वर्षं पाळीत गेली. त्याला जमलेली युक्ती अशी: कुठलीही पाळी असो, चोवीस तासांतले चार तास असे शोधायचे की त्या वेळी तो नेहमी झोपलेलाच असेल. उरलेली झोप इकडेतिकडे सरकली तरी तेवढा खुंटा हलत नाही. रातपाळीहून परतताना काळा गॉगल, घरी जाड पडदे, आणि झोपण्याआधी सहा तास चहा नाही. रात्री दोनच्या डब्यात भात-आमटी-पोळी असं पूर्ण जेवण नको. मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी, मध्यरात्री हलकं काही. सकाळची निगा म्हणजे 'उठल्यावरची' निगा, मग ती दुपारी तीनला का असेना.

किती दिवसांत फरक पडतो

त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वयाबरोबर जास्तच. म्हणून चार आठवड्यांच्या आत कशालाही नावं ठेवू नका आणि कशाचं कौतुकही करू नका. कोरडेपणा आणि खाज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. पुटकुळ्यांना दोन ते तीन महिने. वांगाला त्याहून जास्त. मानेचा काळेपणा साखर आणि वजन ताब्यात आल्यावर महिनोनमहिन्यांनी. भाचीची आता कडेने उजळायला लागली आहे. मधे लग्नकार्य येईल, गणपती येतील, तीन रात्री जागरण होईल. जागरणानंतर एकच करायचं: दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेच्या तासाभरात उठायचं आणि उजेडात जायचं. गेलेल्या रात्रीची भरपाई दुपारी तीन तास झोपून करायला गेलं की घडी विसकटते.

काही गोष्टींत दिनचर्येची वाट बघत बसू नका. बधिर, पांढुरका डाग. बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ. व्रण पाडणाऱ्या मोठ्या गाठी. हनुवटीवर राठ केस आणि पाळी अनियमित. तापाबरोबर आलेलं पुरळ. अंगावर पित्त उठून ओठ किंवा डोळे सुजणं, श्वास लागत असेल तर तातडीने. आणि कशानेही दोन आठवडे न थांबणारी खाज, विशेषतः घरात सगळ्यांना सुटलेली. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. आणि घरातल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत घालून न्या, शेजारणीने दिलेली, टोपण हरवलेली, नाव पुसलेली, सगळ्या. डॉक्टर विचारतील तेव्हा "काही विशेष नाही, साधं क्रीम" असं सांगण्यापेक्षा पिशवी टेबलावर उलटी करा.